राखण

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी
मी नोंदवहीत लिहिले: आग विझली. वेळ पाच दहा.
खाली सही, बाबुसो गावस, रोजंदार वॉचर,
आणि बाटलीत उरलेले पाणी पिऊन टाकले.
ते ओतायला हवे होते.

काजूच्या बागेलगत कुणीतरी गवत पेटवलेले,
अर्धा एकर असेल नसेल.
आम्ही तिघांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून बसवले.
एक ऐन तेवढा उभा राहिला, बुंध्याशी काळा,
दोन पावसाळ्यांपासून वाळलेलाच.
त्याची मुळे कुठवर गेलीत
हे कुणी विचारले नाही.
फॉर्मात तसा रकाना नाही.

मग थंडी. म्हादईवर सकाळी धुके असे
की पलीकडचा खोकला ऐकू यावा, माणूस दिसू नये.
त्यात बोटभर धूर मिसळला
तर कोण ओळखणार?
शाळेची पोरे म्हणत, इथे पाय गरम लागतात,
आणि मुद्दाम त्याच वाटेने जात
चपला हातात घेऊन.
मी हसलो.
गव्यांनी आपली वाट बदलली. तेही लिहिले:
गवे, अकरा, वळसा घालून गेले. कारण माहीत नाही.

रात्री चंद्रावती चुलीतले निखारे ओढते, राखेत झाकते.
घरात गॅस आहे, पण पेजेला तिला चूलच हवी.
म्हटले, विझवत का नाहीस एकदाचे?
म्हणाली, सकाळी काडी कोण ओढणार, तुम्ही?
राखते म्हणून तर राख.
मी ऐकले
आणि कूस बदलली.

पौष गेला. माघ गेला.
खाली, दीड हात खोल, ती चालत होती.
जळणे म्हणू नये त्याला.
वाळवी जाते तशी, मुळाच्या आतून,
साल तशीच ठेवून,
हवा संपली तिथे श्वास धरून,
उंदराचे बीळ लागले तिथे एक घोट घेऊन
पुढे.
वर आम्ही होतो. काजूला मोहोर आला होता.
मी झाडे मोजत होतो, उभी.

शिगम्याच्या ढोलांचा सराव सुरू झाला त्या आठवड्यात
सातेरीच्या रोयणीतून धूर निघाला.
कमरेएवढे वारूळ, कुंकवाने लाल,
ऐनापासून नव्वद पावले. नंतर मोजली मी.
मधे एक ओहोळ, कोरडा.
गाव जमला. कुणी नारळ आणला, कुणी मोबाइल वर धरला.
गुरवाने सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि विचारले,
कुणाचे काही राहून गेले आहे काय?

एक जण म्हणाला, यंदा वर्गणी कमी जमली.
एकीने सुनेकडे पाहिले.
मी मागे होतो, हात खिशात.
घोटभर पाणी, एवढेच माझे राहून गेले होते,
पण ते गर्दीत कसे सांगावे?

दुपारी वारा फिरला.
रोयण राहिली जागच्या जागी, लाल, कोमट.
आग तिथून निघालीच नाही;
ती वर, बांबूच्या बेटात निघाली,
जिथे आमच्यापैकी कुणी उभे नव्हते.
बांबू फुटायचे. खाली ढोल वाजवणारी पोरे
आधी ताल चुकवत, मग थांबली.
चार रात्री डोंगराला जानवे घातल्यासारखी एक रेघ होती,
लालभडक, आणि दर रात्री ती सैल होत गेली.

पाचव्या दिवशी पणजीहून साहेब आले.
चांगले होते. पाणी मागून प्यायले.
आग कधी लागली?
मी मार्गशीर्षातली तारीख सांगितली.
त्यांनी वही उघडली, पान माझ्याकडे वळवले.
तेव्हा तर विझली होती, गावस. सही तुमचीच ना?
माझीच.

आम्ही उभे होतो त्या जागी गवताची नवी पाती होती,
पोपटी, फार लवकर उगवलेली,
खालून कुणी ऊब द्यावी तशी.
मी वाकलो, तळवा टेकवला,
थोडा वेळ तसाच राहिलो.

म्हटले, साहेब,
बूट काढा.