दीडच्या वर

वार्षिकांकासाठी रसायनवाल्यांच्या मुलाखती.
आठ प्रश्न छापूनच मिळाले होते.
पहिला : या क्षेत्राकडे कसे वळलात?

भोयर सर वळलेच नव्हते.
गणिताची जागा भरलेली, रसायनाची रिकामी,
त्या रिकाम्या जागेवर चौतीस वर्षं बसले.
संशोधन म्हटल्यावर हसले,
कपाटातल्या ब्युरेटकडे बोट दाखवलं.
तिची तोटी एकोणनव्वदपासून गळते.
"मिनिटाला किती थेंब जातात ते मोजायचं
आणि उत्तरातून वजा करायचं.
एवढं शिकवलं पोरांना. पुस्तकात नाही हे, लिहून घे."
घेतलं लिहून.

सुखदेव कोहपरे फोनवर भेटला, रात्रपाळी सुटल्यावर.
रंगाच्या कारखान्यात आहे एवढंच छाप,
कारखान्याचं नाव नको. रंगाचंही नको.
मग बराच वेळ नुसता श्वास.
"आंघोळ करून झोपलो तरी उशी निळी होते," म्हणाला.
"हे पण नको."

उईके मॅडम म्हणाल्या, बसून काय बोलायचं, चल.
स्कूटीवर मागे मी, मांडीवर बाटल्यांचा क्रेट,
पांढरकवडा मागे पडलं, मग डांबरही मागे पडलं.
वाऱ्यात अर्धंच ऐकू येत होतं :
एम.एस्सी. नागपूरला, पीएच.डी. अर्धी,
गाईड रिटायर झाले
की वारले, तेवढं निसटलं.

शाळेच्या ओट्यावर मांडामांड.
काचेच्या नळीत गावाचं पाणी, वरून लाल द्रावण मोजून.
मी रंग चढायची वाट बघत होते.
"चढत नाही इथं," त्या म्हणाल्या, "उतरतो.
फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल फिका.
गेलेला रंग मोजायचा."
भोवती पोरं, शेळ्या, एक म्हातारबुवा.
त्यांनी ओठ वर करून दाखवले,
दातांवर तपकिरी पट्टे, पिढीजात.
"हे पाहून नाही समजत का, बाई?
काचा काहून खराब करता?"

दीडच्या वर गेली की हापशी लाल रंगवायची.
रंगाचा डबा डिकीतच असतो, ब्रशचे केस झडलेले.
आतापर्यंत हापश्या एकोणचाळीस,
छापलेले निबंध दोन.
संशोधन म्हणून यातलं काय टाकू, मी विचारलं.
त्यांनी डब्याचं झाकण दगडानं ठोकून बसवलं.

शेवटची हापशी त्यांच्या आईच्या दारासमोर.
सहा वर्षांपूर्वी लेकीनंच रंगवलेली,
दांड्यावरचा लाल आता तळहातांनी खाल्लेला.
आई गुंड भरत होती.
"लाल फासलं म्हनून कडू झालं का व पानी?
टाकीचं मचूळ लागते. हे गोड हाय."
शेजारीण आली तर तिला सांगितलं,
"तीन पूर्णांक दोन! माह्या पोरीनं काढेल आकडा हाय,"
जशी एखादी मार्कशीट दाखवते.

मग चहा आला. याच पाण्याचा.
मॅडमनी बशीत ओतला, फुंकला, प्यायला.
मीही प्यायले.
सातवा प्रश्न होता, तुमच्या कामाचा समाजाला उपयोग.
कागद घडी करून मी कपाखाली ठेवला,
कप हलत होता म्हणून.

निघताना त्या एक रिकामी बाटली घेऊन हापशीपाशी गेल्या.
दर वर्षी घेतात म्हणे, आकडा माहीत असून.
आई न सांगता दांडा मारू लागली,
गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत.
मी आठवा प्रश्न वाचला, तरुणांना काय सांगाल?

"जे पाणी भरायचं," त्या बाटली खळबळत म्हणाल्या,
"त्याच पाण्यानं बाटली आधी तीनदा धुवायची."
ओतली.
"दोनदा नाही."
परत ओतली.
"माय, आणखी एक डाव मार."