पुट्टूची नळी

समोरच्या लिसीअम्मानं मला एक नळी दिली.
ॲल्युमिनियमची, वीतभर उंच,
वर टोपण, खाली निमुळती,
आणि आत खुळखुळणारी, भोकाभोकांची चकती.
"सोपा आहे अंकल. पीठ, खोबरा, पीठ, खोबरा. मग वाफ."
एवढं सांगून ती नाइट ड्यूटीला गेली.

मी चौतीस वर्षं बँकेत
लोकांच्या सह्या ताडून पाहिलेला माणूस.
आता कांजूरमार्गच्या या ओट्याशी
सुनेत्रा ऑफिसला गेली की
सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात माझं राज्य.
आधी सगळं धुऊन घेतलं.
चकती सिंकच्या भोकावर अशी चपखल बसली
की म्हटलं, काय बाई आहे,
वर जाळीसुद्धा दिली!

तांदळाचं पीठ म्हटल्यावर
हाताला दुसरं काय सुचणार?
आधण ठेवलं, मीठ टाकलं, तेलाचा थेंब,
मोदकाला काढतो तशी उकड काढली
आणि मळली. छान मळली.
आई असती तर म्हणाली असती,
पारी चिरायची नाही हो याची.
मग पीठ, खोबरं, पीठ, खोबरं,
लाटण्याच्या टोकानं
तोफेत दारू ठासावी तसं ठासलं.
कुकरची शिट्टी काढून
तिच्या जागी नळी उभी केली
आणि खुर्ची घेऊन समोर बसलो,
हातात पेपर.

पाच मिनिटं काही नाही.
सातव्या मिनिटाला कुकर
घसा साफ केल्यासारखा बोलला.
नवव्या मिनिटाला
टोपण ट्यूबलाइटला लागून परत आलं,
पुट्टू मात्र आला नाही.

तो वर होता.
छताला. पंख्यापासून फूटभर अलीकडे,
आडवा, अख्खा,
खोबऱ्याचे पट्टेसुद्धा जागच्या जागी.

वरच्या सावेबाईंचा फोन:
"सिलिंडर का हो?"
खालून वॉचमन वाळूची बादली घेऊन आला,
मान वर करून बराच वेळ उभा राहिला
आणि बादली न ओतताच गेला.
जाताना चप्पल काढून हातात घेतली होती, का कोण जाणे.

सुनेत्रा सात वाजता आली.
पर्स खाली ठेवली. वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
"जेवायला खाली येणार आहे का तो?"
एवढंच.
आठ चाळीसला तो आला,
थेट आमटीत.

आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत.
पण नळीत घालणार काय?
करंजी शिरेना, लाडू अडकला,
शेवटी पोह्यांचा चिवडा भरला,
तळाला तळहात लावून, वर टोपण घालून,
सकाळी तिची बेल वाजवली.
लिसीअम्मानं टोपणाखाली धरून नळी उचलली
आणि पॅसेजभर चिवडा.
शेंगदाणे जिन्यावरून
एकेक पायरी उतरत गेले.

"अंकल," ती नळीतून आरपार
माझ्याकडे बघत म्हणाली, "चिल्ला कुठे?"
"कोण चिल्ला?"
तिनं बोटांनी हवेत गोल काढला.
मला एकदम आमचा सिंक आठवला.
चहाचा चोथा किती छान अडत होता त्यात.

ती हसत खालीच बसली, युनिफॉर्ममध्ये, चिवड्यात.
मग म्हणाली, मुंबईत नवीन होती तेव्हा
मेट्रनच्या उपासाला तिनं साबुदाणा केला,
भातासारखा, पाण्यात, एक तास शिजवून.
"डाव उभा राहिला अंकल. अजून उभा आहे."
आणि गॅलरीतली कढई दाखवली.
डाव खरंच उभा होता.
भोवती माती घालून तिनं
त्याच्या आधारानं कढीपत्ता लावला होता.

दिवाळीला घराला रंग काढतोय.
पेंटरला सुनेत्रानं सांगितलंय,
पंख्याजवळचा तो डाग तेवढा राहू दे.
तो विचारतो, का?
ती म्हणते, यांना विचारा.