प्रश्न नववा

लीट्रिमच्या पबात ऑक्टोबरची शेवटची रात्र.
प्रश्न नववा: भोपळा येण्याआधी
इथं दिवा कशात कोरत?

पोरं टेबलाखाली फोन चाळतात.
कोलमनचा कागद कोरा.
उत्तर त्याच्या अंगठ्यावरच्या व्रणाला ठाऊक:
हाडासारखा टणक सलगम,
वाकलेला चमचा,
सुरी निसटली तेव्हा
आधी हसलेला, मग रडलेला धाकटा फिन्टन,
आणि मेणबत्तीनं आतून करपणाऱ्या कंदाचा
उग्र, गोडूस वास.

त्या रात्री आई दार नुसतं लोटून ठेवायची.
चुलीपाशी एक खुर्ची रिकामी.
कुणासाठी, हे विचारायचं नसे.

"सलगम! एक गुण."
टाळ्या.

कोलमन कोट चढवतो, घरी येतो,
कडी लावत नाही.
फिन्टनजवळ चावी कधी टिकलीच नाही.