वल्ह्याचा दांडा

रायबंदरहून सुटलेली फेरी चोडणच्या धक्क्याला टेकते
आणि एक धक्का आत शिरतो.
पुढच्या स्कूटरवाल्याकडून पोदेराच्या टोपलीला,
टोपलीकडून माझ्या खांद्याला,
माझ्याकडून मागे,
कठड्याला टेकून पेंगणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत.
कुणीच जागा सोडत नाही.
जरा पुढे, जरा मागे, पुन्हा होतो तिथेच.
गेला तो फक्त धक्का.

आठवीच्या वर्गात मी हेच सांगतो:
पोदेराच्या भोंग्याजवळची हवा
तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही रे.
ती शेजारणीला ढोसते आणि परत जागेवर,
शेजारीण तिच्या शेजारणीला.
सेकंदाला तीनशे चाळीस मीटर
चुगली पळते.
पाण्यात दीड हजार.
पाणी दबून घेत नाही,
ढोसलं की लगेच पुढे ढकलतं.

मेल्विटा म्हणाली, सर,
आमचा बोस्त्यांव अंकल वल्हं चावून मासे ऐकतो.
वर्ग हसला.
मीही, थोडासा.

शनिवारी ओहोटीला त्याच्या होडीत बसलो.
दोनदा हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही.
नदीच्या तळाची रेती काढायला
बावीस वर्षं बुड्या मारल्या,
कानाचे पडदे तिथेच खाली राहिले.
आतला शंख मात्र शाबूत.

त्याने वल्हं उभं पाण्यात सोडलं,
दांड्याला दात लावले, डोळे मिटले.
लाकूड, दात, जबडा, कवटी:
पडद्याचं दार बंद, म्हणून मागच्या अंगणातून.

मग मला दिलं.
खारट. आधी फक्त माझंच रक्त.
नंतर टक्, टक्टक्, टक्,
कुणी ओल्या मडक्यावर बोट मारावं तसं.
दोडयारो.
पोटातल्या हवेच्या पिशवीवर
स्नायूंनी घुमट वाजवत
मादीला बोलावत होता,
आणि मधे मी, परक्याचं पत्र उघडून बसलेला.

त्याखालून एक घरघर आली.
मान वर केली, नदी वळणापर्यंत रिकामी.
बोस्त्यांवने वळणाकडे बोट दाखवलं.
बऱ्याच वेळाने खनिजाची बार्ज वळून आली,
तेव्हा कुठे माझ्या कानांना कळलं.

वल्हं पुन्हा त्याच्या दातांत.
तीन बोटं वर. मग हात हलवला:
ल्हान आसात, वचूंदी.
लहान हे कसं कळलं?
विचारलं, आणि जीभ चावली.
कुणाला विचारतोय मी.

मग सुचलं.
वाकून हनुवटी दांड्याला टेकवली, त्याच्या तोंडाखाली,
आणि तोच प्रश्न लाकडाला विचारला.
त्याने डोळे उघडले.
कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.
मग दांडा न सोडता म्हणाला,
आवाज बारीक मरे, सर,
आणि ते मला
दाढांत ऐकू आलं.