जिभेखालचा दोरा

बाविसाव्या दिवशी वहीत लिहिलं:
दोन किलो सहाशे दहा.
जन्मली तेव्हा सहाशे ऐंशी होती.
सत्तर ग्रॅम म्हणजे वाण्याच्या पुडीतलं जिरं.
तेवढी माझी मुलगी कमी झाली होती.

ती प्यायची म्हणजे चावायची.
टक्, टक्, दर घोटाला एक आवाज,
बटण बिघडल्यासारखा.
मी उशीचं टोक दातांत धरायची.

रडताना तिनं आ वासला की दिसायचा तो,
जिभेखाली पांढरट दोरा,
आणि मधोमध खेचलेलं जिभेचं टोक
पत्त्यातल्या बदामासारखं.

खालच्या मजल्यावरच्या जुलेखाआपा म्हणाल्या,
आमच्या गावात सुईण करंगळीचं नख वाढवून ठेवायची,
एका ओरखड्यात काम.
सांगताना त्या स्वतःचं नख बघत होत्या.
मी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मुलुंडच्या दवाखान्यात लेसर होता,
भिंतीवर हसरी बाळं, नऊ महिन्यांचे हप्ते.
त्यानं टॉर्च मारला आणि चौथ्या सेकंदाला दर सांगितला.
ओठाखालचाही करून टाकू, आलाच आहात तर.
आलाच आहात तर!
हे मला आजवर फक्त भाजीवाला म्हणाला होता,
कोथिंबिरीबद्दल.

दुसरे म्हणाले, हे हल्लीचं खूळ आहे, बाटली द्या.
आम्ही खुर्चीतून उठण्याआधीच
त्यांनी पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

श्रीरंग रात्री म्हणाला, पैशांचा प्रश्न नाही.
पैशांचाही प्रश्न होता.
मी वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहिले:
किती बाळांचं केलंत?
नाही केलं तर काय होईल?
करूनही काही बदललं नाही तर?
तिसऱ्याला माणसांचे चेहरे
बघण्यासारखे होतात.

मग महापालिकेच्या इस्पितळात, वीस रुपयांचा केसपेपर,
बाकावर पावणेदोन तास.
कुराणे सिस्टरनी बाळाच्या तोंडात पाहिलंच नाही.
म्हणाल्या, पाज.
इथे?
इथेच, पडदा ओढते.
त्या बघत राहिल्या. पहिल्यांदाच कुणीतरी नुसतं बघत होतं.
मग हात धुतले, चोळून गरम केले,
करंगळी तिला चोखायला दिली, नख अगदी कापलेलं.
ढकलतेय गं, उचलता येत नाही तिला.
माझं कोपर सरकवलं, उशी बदलली,
चार दिवस थांब म्हणाल्या, शुक्रवारी ये.

थांबा सगळेच म्हणाले होते.
वार कुणी सांगितला नव्हता.

शुक्रवारी वीस ग्रॅम जास्त. टक् आवाज तसाच.
गोमती डॉक्टरांना मी तिसरा प्रश्न विचारला.
त्या म्हणाल्या, बदलेलच असं नाही.
नाही बदललं तर इथेच येऊन मला सांग,
मंगळवार, शुक्रवार, सकाळी.
तिथंच माझं ठरलं.
श्रीरंगनं केसपेपरवर सही केली,
स्वतःचं आडनाव चुकवून.

कात्री नखाएवढी. रक्त दोन थेंब.
मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक
पोलिओपासून गोवरापर्यंत वाचलं,
तेवढ्यात ती माझ्या मांडीवर होती, पीत होती.
माझे हात तिच्यापेक्षा उशिरा शांत झाले.

आज बेचाळिसावा दिवस. तीन किलो चाळीस.
हे कात्रीनं झालं, की कुराणे सिस्टरच्या उशीनं,
की मी आखडून बसायचं सोडलं म्हणून,
वहीत त्याचा रकाना नाही.

रविवारी बारसं आहे, राहून गेलेलं.
सासूबाई म्हणतात, नावात ळ नको बाई,
तिला जमेल न जमेल.
मी म्हणते, निळा.
निळाच.
ती माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढते,
ओठांच्या पुढे, चांगली लांब.
टोकाशी अजून थोडी खाच आहे.