उंबरा

मार्चातली सकाळ. रात्रभर रस्त्यांवर मीठ टाकलेलं.
बंदराकडून येणारा वारा, त्यातही मीठ.
कोत्कात लोखंडाला दोन्ही बाजूंनी मार.

तपासणी केंद्राचं शटर वर जातं
आणि पहिलीच गाडी आत येते:
साब, एकोणनव्वद सालची, बीटच्या रंगाची.
ओइलीबाई हातमोजे न काढताच कागद पुढे करतात.
दहा वर्षं उलटलेल्या गाडीनं दर वर्षी यायचं, असा नियम.
"आणि माणसांनी?" हा त्यांचा ठरलेला विनोद.
यंदा तो त्या करत नाहीत.

मी चालकाच्या जागी बसतो.
पाठीशी उशी, विणलेली, बसून बसून चपटी झालेली.
ती काढून शेजारच्या सीटवर ठेवतो
आणि पाय बरोबर पेडलवर टेकतात.
ताउनो माझ्याच उंचीचा होता, बंदरात क्रेन चालवायचा.
त्याला जाऊन आठ महिने झाले.
बाईंनी सीट पुढे ओढलेली नाही.
उशी घेतली, खटका नाही दाबला.
आरसा मात्र त्यांच्या डोळ्यांना लावलेला.
मला त्यात रस्ता दिसत नाही;
मागची सीट दिसते, तिच्यावर बर्फ खरवडायचा ब्रश.

ब्रेक: डावा जरा हळवा, पण नियमात.
दिव्यांची नजर खाली, हवी तशी.
धूर मोजला. म्हातारी खोकते,
तेही नियमात.
हॉर्न वाजवला तेव्हा काचेपलीकडे बाई
उगीचच उठून उभ्या राहिल्या.

मग गाडी वर उचलली.
दाराखाली लांबलचक पेटी असते,
आमच्या भाषेत तिला उंबराच म्हणतात.
सगळं घर त्याच्यावर, लक्ष कुणाचंच नाही.
उजव्या उंबऱ्याला पेचकस टेकवला.
जोर लावायचा नसतो, मी लावलाही नाही.
मुठीपर्यंत आत गेला,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा.
बुटांवर तपकिरी भुगा पडला.

गेल्या वर्षीचा कागद माझ्याच अक्षरात:
"उजवा उंबरा, गंज. लक्ष ठेवावे."
ठेवावे. कुणी?
तेव्हा ताउनो त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसला होता,
कोट दोन मापं मोठा झालेला.
एवढं एक वर्ष जाऊ दे, असं काही तो म्हणाला नाही.
म्हणाला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.
पेचकस तेव्हाही खिशातच होता.
मी नुसता टॉर्च मारला.

"दाखवा," बाई लिफ्टखाली येऊन म्हणतात.
खरं तर गिऱ्हाइकानं इथं यायचं नसतं.
मी दाखवतो.
भोकात त्या बोट घालतात, हातमोज्यासकट.
"हे एका वर्षातलं नाही."
"नाही."
"त्याला कळलं होतं. 'पोरानं मला दया दाखवली,' म्हणाला.
आठवडाभर धुमसत होता.
त्यानंतर गाडी चाळीसच्या वर नेली नाही त्यानं,
मी शेजारी असले की."

मी बावन्न वर्षांचा पोर
शिक्का मारतो: चालवण्यास मनाई.
गाडी ओढून न्यावी लागेल. वेल्डिंगचा आकडा सांगतो,
तेवढ्यात दुसरी साब येईल, हेही सांगतो.
बाई कागदाची चार घड्यांची चौकडी करतात,
कप्प्यात ठेवतात, बाकीच्या चौतीस कागदांवर,
आणि विचारतात,
"मला चालत जायला मनाई नाही ना?"
हसावं की नाही, ते मला कळत नाही.

उशी काखेत मारून त्या बसथांब्याकडे निघतात.
मिठाळ चिखलातून, हळू, पाय चाचपत.
मागे वळून बघत नाहीत. बस चुकते,
पुढची वीस मिनिटांनी.

गाडी मी ढकलत अंगणात नेली.
हँडब्रेक ओढायला आत वाकलो;
सीट होती तिथंच होती.
आरशाला हात लावला नाही.

दहाची गाडी येऊन थांबली आहे.
नवरा, बायको, मागे झोपलेलं मूल,
चकचकीत, मेण लावलेली गाडी.
"घाईत आहोत हो," नवरा म्हणतो.
मी खिसा चाचपून पाहतो.