सत्तर

शाहूपुरीत, अडत दुकानांच्या माडीवर,
जिन्याच्या कठड्यालाही बोट चिकटतं अशा इमारतीत
मी गुळातला गंधक मोजते.
दहा लाख भागांत सत्तर.
आत असेल तर शिक्का, वर गेला तर फोन.

केरबा वरुटे प्रयाग चिखलीहून येतात,
एम-एटीच्या हँडलला पिशवी अडकवून.
चाळीस हंगाम काहिलीपुढं उभा राहिलेला गुळव्या.
भुवया कधीच जळून गेल्यात.
पाक झाला की नाही ते अजून
गार पाण्यात गोळी वळून ठरवतात,
आणि माझ्या काचेच्या नळ्यांकडं
सोयरिकीतल्या माणसांकडं बघावं तसं बघतात.
"बघा की वं बाई, किती भरतंय."

आयोडिनचा थेंब. निळा उमटतो, विरतो.
उमटतो,
विरतो.
मग एका थेंबाला बसतो आणि हलत नाही.

चौसष्ट.
"म्हंजे चांगला?"
म्हणजे आत आहे, मी म्हणते.
"आत न्हवं वं. चांगला का?"
माझ्या छापील फॉर्मात त्याला रकाना नाही.

"पयलं भेंडीचं पाणी वतायचो,
मळी वर आली की झाऱ्यानं काढायची.
गूळ तांबूस व्हायचा. आता सौद्यात
तांबड्या ढेपंला कोण हात लावतंय?
पावडर टाकली की पिवळाधमक,
पावसाळाभर पाझरत न्हाय, बुरशी न्हाय.
गिऱ्हाईक डोळ्यानं खातंय बाई,
आमी काय खुळं हाय व्हय?"

खुळं कोणीच नाही.
बहुतेकांना इतक्यानं काही होत नाही,
हे मीच लोकांना सांगते.
माझ्या कागलच्या भाच्याची छाती मात्र
एका सुक्या जर्दाळूवर शिट्टी वाजवायला लागते,
तेव्हापासून "बहुतेक" लिहिताना
माझं पेन जरा अडतं.
आणि दुसरी बाजूही माझीच:
गेल्या साली बिनऔषधाचं म्हणून घातलेलं लोणचं
भाद्रपदात पांढरं झालं,
ते मी शेजारीण उठायच्या आत गटारीत ओतलं.
बुरशीला कुणी सत्तरची मर्यादा घातलेली नाही.

जाताना त्यांनी धडप्यातला एक खडा काढला,
चिंचेसारखा काळपट.
"ह्यो घरातला. लेकीच्या बाळंतपणाला केलाय.
नुसती भेंडी. तुमी बी खावा."

मी खाल्ला नाही लगेच.
लॅब बंद झाल्यावर, पावती न फाडता,
नंबर न देता, तो खडा पाण्यात विरघळवला.
निळा उमटला. विरला.
मला वाटलं नळी नीट धुतली नसेल.
धुतली. पुन्हा केलं.
एकोणीस.

फोन लावला. मागं घाण्याचं इंजिन धडधडत होतं,
कुणीतरी जळव्याला शिव्या घालत होतं.
मी आकडा सांगितला.
बराच वेळ नुसतं इंजिन.
"व्हय," मग ते म्हणाले, "काहील तीच की वं."

एकोणीस म्हणजे खूपच आत आहे, मी म्हणाले,
काही काळजी करू नका, काका,
कागदावर तर हा उत्तमच.
"लेक उद्या यायची हाय," ते म्हणाले.
चांगला का,
हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.